कुणी मागणार नाही असा फोन

स्वस्तातला फोन घेताना माणसाने काय पाहावं, यावर मत नसलेला इसम फिजीतल्या आमच्या सुवा शहरात मला अजून भेटायचा आहे. बॅटरी पाहा, कॅमेरा पाहा, पावसात भिजला तर चालतो का पाहा, असं जो तो सांगतो. दुकानातला विक्रेता तर आपल्या गरजा विचारून कागदावर लिहूनच घेतो. माझी गरज त्या कागदावर लिहिण्याजोगी नव्हती. मला असा फोन हवा होता, की जो पाहून माझ्या एकाही नातेवाइकाला तो आपल्याला असावा असं वाटू नये.

यावर कुणी मला कंजूष म्हणेल. म्हणो बापडा. त्याला आमच्यातलं केरेकेरे ठाऊक नाही. नातेवाईक येतो, चहा पितो, तुमच्या वस्तूकडे बघतो आणि म्हणतो, "केरेकेरे, हे मला दे." तुम्ही देता. विषय संपला. 'नाही' म्हणायची सोय आमच्या पूर्वजांनी ठेवलेलीच नाही. उद्या तुम्हीही त्याच्या दारात जाऊन हवं ते मागू शकता, ही यातली न्यायाची बाजू. पण मी पडलो सरकारी भांडार कार्यालयातला हेडक्लार्क. तेवीस वर्षं सुलूवर, म्हणजे आमच्या लुंगीवर, टाय बांधून कचेरीत जातो. मी कुणाच्या दारात जाऊन मागू? उभ्या जन्मात मी तो शब्द तोंडातून काढलेला नाही, याचा मला मोठा अभिमान होता. परिणाम असा, की आमच्या घरातून वस्तू जात राहिल्या आणि आत काहीच आलं नाही. तीन वर्षांत दोन छत्र्या, एक इस्त्री, गवत कापायचं यंत्र आणि चार फोन गेले. माझी बायको लोसालिनी शहाणी. तिचा चांगला फोन तिच्या बहिणीने नेला, त्याच दिवशी तिने बटणांचा जाडजूड ठोकळा विकत घेतला. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

मलाही ठोकळा चालला असता. पण आईला माझं तोंड बघायचं होतं.

आई कडावू बेटावर, आमच्या गावी. वय अठ्ठ्याहत्तर. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची बोट बेटावर आली, त्यांनी तिचे डोळे तपासले आणि सांगितलं, की आतला पडदाच खराब होत चाललाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. फार तर नाताळपर्यंत दिसेल. आईने ही बातमी मला फोनवर अगदी बोटीचं वेळापत्रक सांगावं तशी सांगितली. गावात सिग्नल फक्त चर्चमागच्या खडकावर येतो. रविवारची प्रार्थना आटोपली, की माझा भाचा पेनाया तिला पाठंगुळी घेऊन खडकावर चढायचा आणि पाद्रीबाबांच्या फोनवरून ती बोलायची.

"नाताळपर्यंत दर रविवारी तोंड दाखव," आई म्हणाली. "तुझ्या बापाचं मी कधी नीट बघून ठेवलं नाही. तो गेल्यावर आठवायला बसले तर नुसती टोपी आठवते. तुझं तसं व्हायला नको."

तेव्हाच्या माझ्या फोनच्या कॅमेऱ्याला तडा गेला होता. आईला माझं कपाळ दिसायचं आणि खाली सगळं धुकं.

"कपाळ पुरे झालं," ती म्हणाली. "तोंड कुठाय?"

"इथेच आहे, आई."

"मग वर आण की."

मी खाली वाकलो, तर तिला टक्कल दिसायला लागलं. "हे काय नवीन?" तिने विचारलं. पेनाया मागून इतका हसला, की पाद्रीबाबांचा फोन हातातून पडता पडता वाचला. मी त्याच दिवशी ठरवलं, की आता फोन घ्यायचा, आणि कॅमेऱ्याकडे बघून घ्यायचा.

आमच्या कुंपणापलीकडे मुनसामी मास्तर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचे पणजोबा भारतातून ऊस तोडायला गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आले होते आणि मास्तर अजूनही प्रत्येक काम ठेका घेतल्यासारखं करतात. मी फोनचा विषय काढला मात्र, दुसऱ्या दिवशी ते आखलेला तक्ता घेऊन कुंपणाशी उभे. अकरा फोन, सात विषय, प्रत्येक विषयात गुण. मी वाचायला लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातून कागद काढून घेतला आणि स्वतःच वाचला.

"हा बघा. कॅमेऱ्यात चाळीसपैकी पस्तीस, पण बॅटरीत नापास. हा दुसरा सगळ्यात काठावर पास. असली मुलं पुढे क्लार्क होतात." मग त्यांना मी कोण आहे हे आठवलं. "चांगले क्लार्क," ते म्हणाले.

तीन दुकानं पालथी घालून मी तक्त्यातला पहिल्या नंबरचा फोन आणला. गुरुवार होता. शनिवारी सकाळी कडावूची बोट लागली आणि पेनाया दारात उभा राहिला. पेनाया माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. चौतीस वर्षांचा, दारातून आडवं होऊन आत यावं लागेल एवढा माणूस. तो माझा नुसता भाचा नव्हे, वासू आहे. म्हणजे मामाकडच्या कुठल्याही वस्तूवर त्याचा जन्मसिद्ध हक्क. इतर लोक मागतात, वासू फक्त कळवतो.

त्याने फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मामा, पाद्रीबाबांची बदली झाली," तो म्हणाला.

"बरं मग?"

"त्यांच्याबरोबर त्यांचा फोनही गेला. आता गावात पडद्याचा फोनच नाही. आजीला मी खडकावर नेतो, पण बोलायचं कशावर?"

यात खोड काढायला जागाच नव्हती. मीच उठून त्याला खोकं आणून दिलं. लोसा स्वयंपाकघराच्या दारातून खुणा करत होती. मला वाटलं, फोन देऊ नकोस म्हणते. ती म्हणत होती, आधी सिमकार्ड काढून घे. पण दिलेल्या वस्तूतून काही परत काढून घेणं आमच्यात फार वाईट दिसतं. मी मान फिरवली. माझा नंबर माझ्या फोनसकट दुपारच्या बोटीने कडावूला गेला.

पुढे तीन रविवार काय झालं ते सांगतो. तिकडे पेनाया आईला घेऊन खडकावर चढायचा आणि माझा नंबर लावायचा. माझा नंबर त्याच्याच फोनमध्ये. तो स्वतःलाच फोन लावत होता, आणि तो अर्थातच लागत नव्हता. इकडे मी लोसाच्या ठोकळ्यावरून तोच नंबर लावायचो, तोही लागत नव्हता, कारण पेनाया तो सोडत नव्हता. तिसऱ्या रविवारनंतर बोटीवरच्या खलाशाबरोबर त्याची चिठ्ठी आली: "मामा, तुम्ही रविवारी एवढं कुणाशी बोलता? आजी नाराज आहे."

नवा फोन घेण्याआधी आपला जुना नंबर परत मिळवावा, या सरळ विचाराने मी फोन कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथे अर्ज होता. अर्जात चौकोन होते. फोन हरवला, चोरीला गेला, मोडला. यांपैकी एकावर खूण करायची.

"भाच्याने नेला, याला चौकोन कुठला?" मी खिडकीतल्या मुलीला विचारलं.

"विचारून नेला?"

"कळवून नेला."

तिने वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठ म्हणाले, तुमच्या मर्जीशिवाय गेला असेल तर चोरी, पोलिसांचा दाखला आणा. मर्जीने गेला असेल तर नंबरही मर्जीनेच गेला. माझी मर्जी होती की नव्हती, हा प्रश्न मला चोपन्न वर्षांत प्रथमच कुणीतरी विचारत होतं. मी पोलिस ठाण्यावर गेलो.

ठाण्यावर कॉर्पोरल मोसेसे. त्याचा प्रांत आणि आमचं बेट यांची मूळ दैवतं भावंडं मानतात, त्यामुळे त्याच्या लोकांनी आमच्या लोकांना वाटेल ते बोलावं, वाटेल ते उचलून न्यावं आणि आम्ही हसावं, असा रिवाज आहे. आम्हीही त्यांना तसंच करायचं असतं. पण तो गणवेशात होता आणि मी टायमध्ये.

"या या, कडावूचे खेकडे!" तो सगळ्या ठाण्यासमोर ओरडला. "चोर कोण? भाचा? वासू? अरे, वासूला चोर म्हणणारा मामा मी आज पाहिला! लिहू का तसं? लिहितो, आणि आधी रेडिओवाल्यांना देतो."

"नको, नको. हरवला असं लिहा."

"कुठे हरवला?"

"घरात."

"घरात हरवला तर घरात शोध." असं म्हणून त्याने शेवटी दाखल्यावर लिहिलं, 'सदर फोन सदर इसमाच्या भाच्याकडे हरवला आहे.' शिक्का मारला आणि माझी छत्री ठेवून घेतली. मी हसलो. तसा रिवाज आहे. फोन कंपनीने तो दाखला अर्थातच नाकारला आणि मी भर पावसात नवा नंबर घेऊन घरी आलो.

दुसरा फोन शनिवारी घेतला. मास्तरांच्या तक्त्यात दुसरा आलेला. कंपनीचं नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, पण पडदा मोठा आणि चित्र झकास. आता प्रश्न असा, की नवा नंबर आईला कळवायचा कसा? बोटीने चिठ्ठी पाठवायची तर आणखी एक रविवार जाणार. त्यावर उपाय म्हणजे रेडिओ. सोमवारी सकाळी रेडिओवर बेटांसाठी निरोप वाचतात. कुणाचं मयत झालं, कुणाची बोट चुकली, कुणाचं सिमेंट धक्क्यावर येऊन पडलंय. मी निरोप लिहून दिला. हेडक्लार्क असल्यामुळे नीट लिहिला. हीच चूक झाली.

सोमवारी सात वाजता सगळ्या फिजीने ऐकलं: 'कडावू येथील श्रीमती लावेनिया यांस कळविण्यात येते की, त्यांचे चिरंजीव इनोसी यांनी मोठ्या पडद्याचा व उत्तम कॅमेऱ्याचा नवा फोन घेतला असून त्याचा क्रमांक पुढीलप्रमाणे.'

लोसाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "पत्ता राहिला तुझा," ती म्हणाली. "पत्ताही सांगायचा होतास. बिचारे शोधत कुठे फिरतील?"

मी धावत कुंपणाशी गेलो. मास्तर मिरच्यांना पाणी घालत होते. त्यांनीही ऐकलं होतं. "किती नातेवाईक आहेत सुव्यात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चाळीस-पन्नास असतील, आणि शिवाय कडावूहून लिवाई काका कालच चर्चच्या सभेला आलेत. मास्तरांनी पाण्याचा नळ बंद केला. "आमच्या शाळेतल्या खुर्च्या पूर्वी गावात लग्नाला जायच्या त्या परत यायच्या नाहीत," ते म्हणाले. "मग मी प्रत्येक खुर्चीवर 'सरकारी मालमत्ता' असं रंगवून घेतलं. एक खुर्ची हलली नाही. तुम्ही तर भांडारात आहात."

मी भांडारात होतो. माझ्या खणात सरकारी मालमत्तेच्या जुन्या, बाद झालेल्या चिकटपट्ट्यांची चळत पडलेली होती. दुपारी त्यातली एक फोनच्या पाठीवर बसली. क्रमांक ०४१७. चिकटपट्टी असली तरी तिच्यामुळे त्या फोनला काही वेगळाच दरारा आला. मी स्वतः तो दोन बोटांनी उचलायला लागलो.

संध्याकाळी लिवाई काका आले. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आता घराण्यात सगळ्यांत वडील. बरोबर दोन चुलत भाऊ आणि एक कोण होता ते मला अजून कळलेलं नाही. कावा नावाच्या आमच्या मुळीच्या पेयाचा कटोरा एकदा फिरला, दोनदा फिरला. मग काकांनी फोन उचलला, उलटा केला आणि चष्मा लावून वाचलं.

"सरकारी?"

"हो, काका."

"सरकारने दिला? तुला?"

"हो."

काकांनी फोन दोन्ही हातांनी चटईवर ठेवला. मग मांडी सावरून त्यांनी ओंजळीच्या तीन टाळ्या वाजवल्या, प्रमुखापुढे वाजवतात तशा. बरोबरच्यांनीही वाजवल्या. "तुझा बाप हे बघायला हवा होता," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फोन चटईवरच होता. ते गेल्यावर मी मास्तरांना कुंपणावरून अंगठा दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरातून काही गेलं नव्हतं.

नंबर कळला होता, फोन होता, येत्या रविवारी आई मला पाहणार होती. बुधवारी मी केस कापून घेतले. गुरुवारी कचेरीत वार्षिक मोजणी सुरू झाली.

मोजणीला फातिआकी बाई होत्या. वय सव्वीस, नवीन नेमणूक, हातात नोंदवही. आमच्याकडची मोजणी म्हणजे एरवी खुर्च्यांकडे बघून मान हलवायची आणि जेवायला जायचं. ही बाई प्रत्येक वस्तू उलटी करून बघत होती. माझ्या टेबलावरचा फोन तिने उलटा केला.

"शून्य चार एक सात," ती म्हणाली आणि वहीत बोट फिरवलं. "टेबलावरचा पंखा, एक. पंखा कुठे आहे?"

"हा फोन आहे," मी म्हणालो.

"ते मला दिसतंय. पंखा कुठे आहे?"

आता हा पंखा मला चांगला आठवत होता. सहा वर्षांपूर्वी जुन्या साहेबांच्या ड्रायव्हरने तो माझ्याकडे मागितला होता. ड्रायव्हर लोसाच्या मावसबहिणीचा नवरा. पंखा माझा नाही, सरकारचा आहे, हे मी त्याला सांगणार होतो, पण तोवर तो 'केरेकेरे' म्हणून बसला होता. मी वहीत 'दुरुस्तीसाठी बाहेर' असं लिहिलं आणि चिकटपट्टी तेवढी सोडवून खणात टाकली.

"दुरुस्तीला दिलाय," मी म्हणालो.

"सहा वर्षं?"

"पार्ट मिळत नाहीत."

तिने शांतपणे माझा फोन पिशवीत घातला आणि पिशवीला लाख लावली. चार वाजता माझ्या हातात नोटीस पडली. सरकारी पंख्याची विल्हेवाट लावून त्याच्या क्रमांकावर खाजगी फोन वापरल्याचा, किंवा सरकारी फोन खाजगी असल्याचे भासवल्याचा, यांपैकी जो सिद्ध होईल तो आरोप. चौकशी संपेपर्यंत सुवा सोडू नये. म्हणजे बोटीत बसून आईसमोर जाऊन उभं राहण्याचाही मार्ग बंद झाला. तेवीस वर्षं मी त्या कचेरीतली टाचणीन् टाचणी लिहून ठेवली होती. आता शिपाई मला पाहून आपापले खण बंद करायला लागले.

चौकशी समितीत तीन सभासद. एक आले की दुसरे रजेवर. तिघे जमले त्या दिवशी वही सापडेना, कारण वही पुरावा म्हणून कुलपात होती आणि किल्ली फातिआकी बाईंकडे, आणि बाई दुसऱ्या बेटावर मोजणीला. फोन माझा आहे हे दाखवायला मी पावती दिली. त्यांनी विचारलं, तुमचाच फोन आहे तर त्यावर सरकारी चिकटपट्टी का लावली? याचं खरं उत्तर देणं म्हणजे तीन परक्या माणसांसमोर आपण आपल्या काकांना फसवलं हे कबूल करणं. मी म्हणालो, "अनवधानाने." एका सभासदाने ते लिहून घेतलं आणि शेजारच्याकडे बघून हसला.

मग मी तिसरा फोन का घेतला नाही, असं विचाराल. घेतला असता, तर पंखा विकून फोन घेतला, हे आपोआप सिद्ध झालं असतं.

दर रविवारी आई खडकावर जात होती. फोन लागत नाही, म्हणून मग पेनाया लोसाच्या ठोकळ्यावर लावायचा; तो नंबर मी बोटीने चिठ्ठी पाठवून कळवला होता. आवाज यायचा.

"पडद्याचं काय झालं?" आई विचारायची.

"कामात आहे, आई. पुढच्या रविवारी नक्की."

"सरकारी काम?"

"सरकारीच."

"मग असू दे," आई म्हणायची. "आज समुद्र पांढरा दिसतोय. पेनाया म्हणतो निळा आहे."

आणि दर रविवारी मुनसामी मास्तर कुंपणाशी उभे राहायचे. त्यांच्या हातात त्यांचा फोन असायचा. मुलाने ऑकलंडहून पाठवलेला, कॅमेऱ्यात चाळीसपैकी चाळीस. "माझा न्या की अर्धा तास," ते म्हणायचे. "मी आपलं चार्ज करूनच ठेवलाय."

"कशाला, मास्तर? येईलच माझा आता."

"अहो, मागायचं काय त्यात?"

"मागायची सवय नाही हो मला," मी हसून म्हणायचो. म्हणताना छाती थोडी पुढे यायची, हे मला आता कळतं.

सहाव्या रविवारी लोसा जेवता जेवता थांबली. "तुझ्या आईचे डोळे मोठे, की तुझी मान मोठी, तेवढं एकदा ठरव," ती म्हणाली. "नाहीतर मी जाऊन मागते."

"खबरदार!" मी म्हणालो. माझ्या बायकोने माझ्यासाठी शेजाऱ्याकडे हात पसरायचा! मी ताटावरून उठलो. उकडलेला कसाव्याचा कंद तसाच राहिला. लोसा गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, असं मी नंतर पुष्कळदा मनात म्हटलं, पण तिला कधी बोलून दाखवलं नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निकाल लागला. पंखा चक्रीवादळात नष्ट झाला, असं समितीला आढळून आलं. आमच्या खात्यात जे जे सापडत नाही ते चक्रीवादळात नष्ट झालेलं असतं, आणि हा शोध मी पहिल्याच दिवशी लावू शकलो असतो. मला ताकीद मिळाली. पिशवीची लाख फोडून फोन मिळाला. चिकटपट्टी काढायला वेगळी परवानगी लागते म्हणाले, म्हणून ती तशीच राहिली.

नाताळच्या आदल्या रविवारी मी दाढी केली आणि निळा टाय बांधला. लोसाने मला खिडकीशी बसवलं, पडदा सारला, खुर्ची दोनदा हलवली. तोंडावर चांगला उजेड पडला. साडेबाराला फोन वाजला.

आई दिसली. इतकी स्पष्ट ती मला समोर बसूनही कधी दिसली नव्हती. पांढऱ्या भुवया, हनुवटीवरचा तीळ, नाकाच्या शेंड्यावरचा घाम. मागे पेनाया धापा टाकत होता. त्याच्या मागे लिवाई काका, आणि काकांच्या मागे रविवारचे कपडे घातलेलं अर्धं गाव.

"आई, दिसतोय का मी?"

ती फोनच्या जरा डावीकडे बघत होती, समुद्राच्या बाजूला.

"आवाज छान येतोय," ती म्हणाली.

"आजी, इकडे," पेनायाने हलकेच तिची हनुवटी फोनकडे वळवली.

"राहू दे रे," आई म्हणाली. "दोन आठवडे झाले, इनोसी. उजेड तेवढा कळतो. तू जेवलास?"

"जेवलो."

"टाय बांधलायस?"

"हो."

"कुठला?"

"निळा."

"बरं केलंस." तिने चाचपून पेनायाचा हात धरला. मला ओरडून रडावंसं वाटत होतं, आणि समोर अर्धं गाव माझ्याकडे कौतुकाने बघत होतं.

"वहिनी, चर्चमधलं सांग की त्याला," लिवाई काका मागून म्हणाले.

"अरे हो. सरकारने तुला फोन दिला, म्हणून सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. मी लिवाईला म्हटलं, माझा इनोसी जन्मात कधी कुणाकडे काही मागत नाही, म्हणून सरकारने आपणहून दिला." आई हसली. "तोच ना हा? सरकारचाच?"

मी तोंड उघडलं. एक वाक्य बोलायचं होतं. नाही आई, माझाच आहे, तुम्ही कुणी मागू नये म्हणून मी खोटं बोललो. काका चष्मा पुसून पुढे सरकले. पेनायाने फोन आणखी जवळ धरला, आजीला नीट ऐकू यावं म्हणून.

"हो, आई," मी म्हणालो. "सरकारचाच."

"मग घरच्या गप्पांना नको वापरूस, बाबा. उगाच तुझ्यावर काहीतरी यायचं. ठेव."

"आई, थांब, काही होत नाही..."

"ठेव म्हणते ना. आता आवाजच ऐकायचा, तर तो लोसाच्या फोनवर येतो की. पेनाया, बंद कर."

पेनायाचा ओशाळा चेहरा पडद्यावर आला. "मामा, आजी म्हणते..." एवढंच तो बोलला आणि पडदा काळा झाला. मी लगेच उलट लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तो तिला पाठीवर घेऊन खडक उतरत असणार.

लोसा उठून आत गेली. मी बाहेर आलो. कुंपणाशी मुनसामी मास्तर उभे होते.

"दिसली का आई?" त्यांनी विचारलं.

"दिसली."

"चित्र कसं येतं?"

"फार स्वच्छ येतं, मास्तर," मी म्हणालो.